शेरा : घाई नाही

मुलांनो, हे आत्ताच लिहायला घेतलं, कारण उद्यमनगरातली आपली शेड या महिनाअखेर रिकामी करून द्यायची आहे आणि तिथल्या कपाटात माझी निळी वही सापडली. तुमचे बाबा फोनवर म्हणाले, "आई, कागद सगळे रद्दीत घाल." बाकीचे घातले. ही वही घालवत नाही. तुम्हाला आजोबांचं यंत्र फक्त फोटोतलं माहीत आहे आणि त्या फोटोत सगळे हसताहेत, म्हणून वहीत काय आहे ते सांगते.

यंत्र म्हशीची धार काढायचं, म्हणजे दूध काढायचं होतं. बाजारात तशी यंत्रं होती, पण मोठ्या गोठ्यांसाठी, आणि त्यांचे कप आपल्याकडच्या म्हशींच्या सडांवर नीट बसत नसत. एक-दोन म्हशी असलेल्या घरात एकट्या बाईला उचलता येईल असं लहान यंत्र आजोबांना करायचं होतं. शेतीच्या प्रदर्शनात त्यांनी नमुना मांडला. आगाऊ काही घ्यायचं नाही, नुसतं नाव लिहून घ्यायचं, असं ठरलं. लिहिणारी मी. माझं शिक्षण इंग्रजीतून झालं, आणि रकाने आखल्याशिवाय मला काही लिहिता येत नाही. नाव, गाव, फोन, म्हशी किती, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा.

दुसऱ्या दिवशी कागलच्या पलीकडच्या एका गावातली बाई आली. माझ्याच वयाची. हाताची बोटं सांध्यांशी सुजून वाकडी झालेली. घरात ती आणि दोन म्हशी. मुलगा नोकरीला पुण्यात. तिनं कुणाला न विचारता आपला अंगठा यंत्राच्या कपात घातला आणि मोठ्यानं हसली.

"वडतंय की वो रेडकागत!"

आजोबा इतके खूश झाले की पुढे कित्येक दिवस तेच वाक्य घरात म्हणत होते. मी विचारलं, यंत्र यायला दोन-तीन महिने लागतील, चालेल ना? ती म्हणाली, "सावकाश द्या की वैनी. आमची काय घाई न्हाय." मी शेऱ्यात लिहिलं : घाई नाही.

दोन-तीन महिन्यांचं वर्ष झालं. कपातलं रबर जमेना. मऊ केलं तर सडावरून निसटायचं, कडक केलं तर सड लाल व्हायचा. आजोबांनी रबराचा साचा तीनदा मोडला. लोकांचे फोन शाहूपुरीतल्या ऑफिसात मी घ्यायचे. आजोबांचं उत्तर एकच, "हुतंय की." मला असं अधांतरी बोलायची लाज वाटायची, म्हणून मी तारखा द्यायचे, आणि प्रत्येक तारीख चुकायची.

पेठ वडगावचे एक गृहस्थ तर दर सोमवारी फोन करायचे. "काय वो वैनी, यंत्र देताय का म्हस म्हातारी हुयाची वाट बगताय? आमच्या म्हशीला काय सांगू, तारीख पडली म्हणून?" मी त्यांच्या नावापुढे लाल शाईनं लिहिलं : फार चिडले आहेत.

कागलकडच्या बाईचाही फोन यायचा. ती आधी आजोबांची तब्येत विचारायची, मग पाऊसपाण्याचं बोलायची, आणि फोन ठेवता ठेवता म्हणायची, "मशीनचं काय झालं म्हणून सज इचारलं. सावकाश हुंदे." असे चार फोन. चारही मी तारखेसकट नोंदवले आणि चारही वेळा तोच शेरा लिहिला. मला ती फार समजूतदार वाटायची. एकदा आजोबांना म्हणालेसुद्धा, ग्राहक असावा तर असा.

शेवटी गणपतीच्या सुमारास रबर जमलं. पहिली पाचच यंत्रं तयार झाली. कुणाला आधी द्यायची ते मी वही समोर घेऊन ठरवलं. लाल शाईवाले वर, घाई नसलेले खाली. आजोबांनी यादी पाहिली आणि विचारलं, "अगं, ती अंगठा घालणारी?" मी म्हटलं, "ती थांबेल. तिनंच सांगितलंय." त्यांनी यादी मला परत दिली. माझ्या वहीवर त्यांचा फार विश्वास होता.

तिचं यंत्र दुसऱ्या खेपेला, आणखी चार महिन्यांनी निघालं. ते स्वतः पोचवायचं म्हणून आम्ही दोघं टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून गेलो. तिच्या अंगणात उतरलो तेव्हा समोर गोठा दिसला. शेणाचा वास नव्हता. जमीन झाडून लख्ख, गव्हाणीत सरपण रचलेलं, आणि दोन खुंट्यांना दोन दावी नीट गुंडाळून ठेवलेली.

"या की," ती म्हणाली. "लांबनं आलायसा. बसा, च्या टाकते."

आजोबांनी विचारलं, "म्हशी?"

"गेल्या की. दिवाळीच्या आदी." तिनं हात पुढं केले. बोटं आता मिटतच नव्हती. "धार निम्मी कासंतच ऱ्हायाची. कास दगडागत व्हायाची बगा. मुकं जनावर, किती सोसंल? पोरगं म्हणलं, इकून टाक. दोन्ही माझ्या हातावर वाढलेल्या."

मी म्हटलं, "अहो, एवढी अडचण होती तर सांगायचं नाही का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. "चारदा फोन केलता की, वैनी."

"पण तुम्ही तर प्रत्येक वेळी सावकाश म्हणालात."

"म्हणायचं असतंय ते. तुमी कराय लागलाय म्हटल्यावर तगादा कसा लावायचा?"

मुलांनो, आपल्याकडे पंगतीत वाढणारा म्हणतो, सावकाश होऊ द्या. तो स्वतः अजून जेवायचा असतो, पण म्हणून त्याला भूक नाही असं कुणी समजत नाही. मी जन्मभर पंगतीत हेच म्हणत आले, आणि वहीत लिहिताना मात्र तो शब्द जसाच्या तसा खरा धरला. बोर्डावर मुलांची नावं लिहिणाऱ्या मॉनिटरसारखं माझं झालं : जो ओरडला तो दिसला.

चहाचं दूध पिशवीतलं होतं. त्याबद्दल तिनं दोनदा माफी मागितली. निघताना तिनंच सुचवलं की यंत्र परत नेऊ नका, समोर जावेच्या गोठ्यात एक म्हैस आहे, तिथं लावा. आजोबांनी लावून दिलं. ती उंबऱ्याशी उभी राहून बघत होती. या वेळी तिनं कपात अंगठा घातला नाही.

परतताना टेम्पो कागलला पोचला. तेव्हा आजोबा एवढंच म्हणाले, "साचा तिसऱ्यांदा मोडायला नको होता." दोष त्यांनी स्वतःकडे घेतला. मी घेऊ दिला. हे मी त्यांना शेवटपर्यंत बोलले नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे.

पुढे मोठ्या कंपन्यांची तशीच यंत्रं आली आणि आपलं यंत्र बंद झालं. मग आजोबा गेले. गेल्या आठवड्यात शेडमध्ये आवराआवर करताना माझा फोन वाजला. तीच बाई. आधी माझे गुडघे विचारले, मग पाऊस. मग म्हणाली, "जावेच्या मशीनचं रबर फाटलंय. गावलं तर बगा. सावकाश द्या की."

खोक्यात चार रबरांचा एक संच शिल्लक होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी तो घेऊन गेले.

आता आजोबांच्या हातचं सुटं रबर एकही उरलेलं नाही. शेड या महिन्यात जाईल. ते एक यंत्र त्या गोठ्यात दोन वेळची धार काढतं आहे.