योगिताला बसवत नव्हतं

वेवजीच्या पाड्यावरची योगिता वरठा जेवायचीसुद्धा उभ्यानं. ताट हातात, पाठ कुडाच्या भिंतीला आणि एका पायाचा अंगठा सारखा दुसऱ्या पायावर घासत. तिची आई, लाडकी, म्हणायची, "अगं, अन्न तरी नीट पोटात उतरू दे." तोवर ही ताट घेऊन अंगणात पोचलेली असायची. तलासरीला औषधांच्या दुकानात ती काउंटर सांभाळायची. मालकानं तिला स्टूल दिलं होतं. त्यावर गिऱ्हाइकांच्या पिशव्याच तेवढ्या बसायच्या.

आधी ती अशी नव्हती. तिच्या बापाचं नाव काकड्या. तो ताडी काढायचा. एके सकाळी तो ताडावरून पडला. शुद्धीत होता, बोलत होता. आजूबाजूची माणसं धावली, घाईघाईनं त्याला उचललं, झोळीत घातलं आणि हिंदकळत डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. दवाखान्यात पोचला तेव्हा मानेखालचं सगळं अंग गेलेलं होतं. पडल्यानं गेलं की उचलताना गेलं, हे नक्की कोणालाच सांगता आलं नाही. उचलणारी माणसं घरचीच होती, मायेनं धावलेली. त्यांना कोण काय विचारणार?

योगिता तेव्हा कॉलेजात जात होती. ते सुटलं. आई मजुरीला जायची आणि योगिता बापापाशी. कूस बदलायची, अंग पुसायचं, भरवायचं, माश्या वारायच्या. काकड्या म्हणायचा, "पोरी, बस ना जरा इथं." मग ती बसायची. त्या खोलीत हलणारं असं तिच्या हातातल्या पंख्याखेरीज दुसरं काही नसायचं. अशी वर्षं गेली आणि काकड्या गेला.

दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले, आणि योगिता रिकाम्या खाटेशेजारी टेकली. टेकल्याबरोबर तिच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. पायाच्या बोटांपासून काहीतरी गार, जड असं वर चढतंय असं वाटलं. ती दचकून उठली आणि फाट्यापर्यंत चालत गेली. दुसऱ्या दिवशी धावत गेली. मग रोजच. पाड्यावरची माणसं आधी हसली, मग सवयीनं बघायची थांबली.

त्या धावण्यातच तिला प्राजक्ता भेटली. प्राजक्ता मसोलीची, तलासरीच्या बँकेत कामाला. सुट्टीच्या दिवशी सायकलवरून येताना तिनं रस्त्याच्या कडेनं चपला हातात घेऊन पळणारी बाई पाहिली आणि ब्रेक दाबला.

"कुठं निघालात एवढ्या घाईनं?"

"कुठंच नाय," योगिता म्हणाली, आणि पळतच राहिली.

प्राजक्ता शेजारून सायकल हाकत बोलत राहिली. तिला ट्रायथलॉनचं वेड होतं. आधी समुद्रात दोनेक किलोमीटर पोहायचं, बाहेर आलं की तशाच ओल्या अंगानं नव्वद किलोमीटर सायकल, आणि सायकल टाकली की एकवीस किलोमीटर धावायचं. सगळं एका दमात. डहाणूच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात अशी शर्यत होणार होती. ऐकून दुसऱ्या कोणी कानावर हात ठेवले असते. योगितानं एवढंच विचारलं, "मध्ये बसायला लागत नाय ना?"

प्राजक्ता हसली. पण योगिता खरंच विचारत होती.

प्राजक्तानं आपली जुनी सायकल तिला दिली. पोहायला योगिता लहानपणीच धरणाच्या पाण्यात शिकली होती. वर्षभर दोघी एकत्र सराव करत होत्या. प्राजक्ताचं सगळं आखलेलं असायचं, आज एवढं, उद्या विश्रांती. योगिताला विश्रांतीचा दिवस खायला उठायचा. त्या दिवशी ती दुकानातली सगळी कपाटं उगाचच उतरवून पुन्हा लावायची.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी लाडकीनं तिला विचारलं, "एवढं करून काय होल गं?"

"करून झालं की थांबेन, आई."

"मग आत्ताच थांब की."

योगिता सायकलला पुन्हा हवा भरायला लागली.

भरतीच्या वेळेला धरून सकाळी शर्यत सुटली. डहाणूचा समुद्र गढूळ. पाण्यात तोंड घातलं की स्वतःचा हातसुद्धा दिसेना. धरणाच्या पाण्याला असली उचल नव्हती. एक लाट तिला वर घ्यायची, दुसरी तोंडात खारट पाणी भरायची. दोनदा ती उलट्याच दिशेनं पोहत गेली. देखरेखीला उभ्या असलेल्या होडीतून वाढवणचा एक मच्छीमार ओरडला, "बाय, पाण्याशी भांडू नको! झेंड्याकडं बघ, झेंड्याकडं!" तिनं किनाऱ्यावरच्या झेंड्यावर नजर धरली आणि हातपाय मारत राहिली. किनाऱ्याला लागली तेव्हा मागं फार थोडी माणसं उरली होती. पण पाय वाळूला लागले आणि ती सुटलीच.

सायकलचा रस्ता किनाऱ्यानं बोर्डी, तिथून आत वळून तलासरीकडं आणि परत, अशा दोन फेऱ्यांचा होता. चिकूच्या वाड्या, पुढं चढण, भाताची कापलेली शेतं, ऊन. योगिता एकेकाला मागं टाकत होती. दुसऱ्या फेरीत परतताना तिला पुढं प्राजक्ताची पिवळी जर्सी दिसली. आता गाठते हिला, असं मनात येतंय तोच एका वाडीतून कुत्रं आडवं आलं. प्राजक्ताची सायकल हवेत फिरली आणि ती डांबरावर मानेवर आदळली.

वाडीतली माणसं धावत आली. दोघं वाकले. "उचला, उचला! टेम्पोत घाला!"

"हात लावू नका!"

योगिताचा आवाज असा काही निघाला की वाकलेली माणसं तशीच थबकली. तिनं सायकल फेकली, तापलेल्या डांबरावर प्राजक्ताच्या डोक्यामागं बसली आणि हेल्मेटसकट तिचं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरलं.

"कोणी हिला हलवायचं नाय. शर्यतीच्या ॲम्ब्युलन्सला फोन करा. आणि सावली धरा वर."

कोणीतरी फोन लावला. एका बाईनं पदर ताणून धरला.

"योगिता," प्राजक्ता कण्हत म्हणाली, "तू जा. वेळ संपली तर पळायला सोडणार नाहीत."

"गप. मान हलवू नको. हाताची बोटं हलव."

"हलतात."

"पायाची?"

"तीपण हलतात गं."

योगितानं तोंड दुसरीकडं वळवलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

मग नुसतं बसायचं होतं. शेजारून सायकली सूं सूं करत निघून जात होत्या. मांड्या थरथरत होत्या, पोटरीत गोळा आला होता, घाम डोळ्यांत उतरत होता, आणि हाताचं बोटसुद्धा हलवायची सोय नव्हती. पायाच्या बोटांतून ते गार, जड काहीतरी पुन्हा वर चढायला लागलं. एरवी ती उठून पळाली असती. आज उठता येत नव्हतं. चढ, किती चढतंस ते बघू, असं ती मनात म्हणाली. ते गुडघ्यांपर्यंत आलं. तिथंच राहिलं. गुडघ्यांच्या वर काही ते आलं नाही.

ॲम्ब्युलन्स आली. माणसांनी प्राजक्ताच्या मानेला पट्टा बांधला, फळीवर घेतलं. त्यांनी सांगितलं तेव्हाच योगितानं हात सोडले. बोटं वळून गेली होती; ब्रेक धरता येईना, तरी ती निघाली.

सायकल जमा करायच्या जागी पोचली तेव्हा एक कार्यकर्ता वाटेवर आडवी दोरी बांधायला घेत होता. तिला पाहून त्यानं दोरी खाली टाकली. "जा ताई, जा!"

ती पळाली, पण पायांत काही उरलं नव्हतं. सुरूच्या झाडांच्या सावलीतून पळायची, उन्हात चालायची. प्रत्येक पाण्याच्या टेबलाशी एकच विचारायची, "मसोलीची पोरगी पडली होती, तिचं काय झालं?" कोणालाच माहीत नव्हतं. नरपडजवळ एका मुलीनं तिचं ऐकून फोन लावला, बराच वेळ बोलली आणि म्हणाली, "गळ्याजवळचं हाड मोडलंय. मान शाबूत आहे. तुमच्यासाठी निरोप आहे, त्या म्हणतायत, चालत बसू नको, पळ."

योगिता खदखदून हसली. एकटीच, भर रस्त्यात. मग पळाली. वेगात नव्हे, पण पुन्हा चालली नाही.

शेवटची कमान आली तेव्हा बरीचशी गर्दी पांगली होती. वेळ संपायला थोडाच अवकाश होता. कोणीतरी गळ्यात पदक घातलं, कोणीतरी केळं दिलं. लाडकी इको गाडीनं येऊन कधीची सुरूखाली उभी होती. ती आली आणि लेकीच्या तोंडावरचं मीठ पदरानं पुसत म्हणाली, "झालं?"

"झालं."

"प्राजक्ताचं कळलं मला. तू बसलीस म्हणे रस्त्यावर."

"बसले."

लाडकीचा हात लेकीच्या गालावर थोडा वेळ तसाच राहिला. मग ती समुद्राकडं बघायला लागली. ओहोटीनं तो पार लांब गेला होता आणि नुकताच परतीला लागला होता. मधे ओल्या वाळूचं चकचकीत मैदान.

"मी कधी पाण्यात पाय घातला नाय," लाडकी म्हणाली. "बाजाराला आले, लांबून बघितला, गेले. जाऊन येऊ?"

"जा. खोल जाऊ नको."

"तू?"

"मी बसते इथं."

लाडकीनं लुगडं वर खोचलं, चपला लेकीपाशी ठेवल्या आणि चालायला लागली. योगिता वाळूत पाय पसरून बसली आणि आईची पाठ लहान लहान होत जाताना बघत राहिली. लांब, पाण्याच्या काठाशी, लाडकी थांबली. एक लाट पायांवर आली तशी ती टुणकन मागं उडाली, आणि मग मागं वळून हात हलवायला लागली.