नारळ बंद, वाटी चालू

किस्से हे घरातल्या रिकाम्या बाटल्यांसारखे. टाकायला मन होत नाही, आणि एक दिवस बघावं तर कपाट भरलेलं! माझं कपाट भरलं ते सुलभामॅडममुळे.

मॅट्रिक होऊन मी म्हापशाला त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस लागले. मॅडमचं सगळं संशोधन कोलेस्टेरॉलवर, म्हणजे रक्तातल्या चरबीवर. त्यांना खेड्यातल्या माणसांचं रक्त हवं होतं, आणि माझं माहेर पार्से. "पुष्पा, चल" म्हटलं की मी बर्फाची पेटी उचलून तयार!

*

पहिल्या खेपेला मी घरोघर बजावून आले, "सकाळी अगदी उपाशी पोटी या." सगळे वेळेवर हजर.

"काही खाल्लं नाही ना?" मॅडमनी विचारलं.

"ना!" सगळ्यांचं एकच उत्तर.

तेवढ्यात सगुणदादाच्या मिशीवर पांढरं काहीतरी दिसलं. "हे काय?"

"दही-साखर. टेस्ट दिवची आसा मगो! आवयन हातार घातल्यान."

चौकशी केली तर घराघरांत तेच! चांगल्या कामाला निघालेल्या माणसाच्या हातावर दही ठेवलं, तर ते खाणं थोडंच? मॅडमनी सुया परत डब्यात ठेवल्या.

*

रक्ताच्या नळ्या घेऊन आम्ही बसने म्हापशाला परतायचो. एका शुक्रवारी, ऐन बाजाराच्या दिवशी, मांडीवरची पेटी गळायला लागली. शेजारची बाई सरसावून बसली. "इसवण गो? मात्शी दाखय!"

"मासे नाहीत, मावशी. रक्त आहे."

"कोणाचां?"

"माणसांचं."

पुढच्या स्टॉपवर अख्खा बाक रिकामा! मॅडम ऐसपैस बसत म्हणाल्या, "पुष्पा, तू कधी खोटं बोलायला शिकू नकोस हां!"

*

डिचोलीचे एक दुकानदार होते, बाबलोशेट. त्यांचं रक्त नळीत ठेवलं तर वर पांढरा थर जमला. चरबी फारच वाढली की असं होतं. मॅडमनी गंभीर चेहऱ्याने नवरा-बायको दोघांना नळी दाखवली.

शेटच्या बायकोने ती उजेडात धरून नीट बघितली. "आता कळलां," ती म्हणाली, "घरातली साय रोज खंय जाता ती!"

*

पण मॅडमचा खरा जीव अडकला होता नारळात. जेवणातला नारळ बंद केला तर रक्तात काय फरक पडतो, हे त्यांना बघायचं होतं. पार्शात एका वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, अर्ध्या घरांनी महिनाभर नारळ सोडायचा, अर्ध्यांनी चालू ठेवायचा. हे जमलं नाही तर कामाला पुढची मंजुरीच मिळणार नव्हती. नारळाशिवाय माशांचं हुमण म्हटल्यावर बायकांचे चेहरे उतरले, पण मॅडमनी हात जोडले तेव्हा तयार झाल्या.

महिन्याने रक्त तपासलं. दोन्ही गटांचे आकडे जवळजवळ सारखे! मॅडमनी पुन्हा तपासलं. तेच!

आम्ही तडक पार्शाला गेलो, ते नेमक्या जेवणाच्या वेळी. शेवंतीमावशीचं घर नारळ सोडलेल्यांतलं. बघतो तर शेजारणीने दगडी गडग्यावरून वाटी पुढे केलेली, काठोकाठ, नारळाच्या हुमणाने भरलेली!

"बिचारी बिननारळाचां जेवतत," शेजारीण म्हणाली. "बघवना गो."

"आणि वाटी परत पाठवता?" मॅडमनी मावशीला विचारलं.

"पाठवतंय तर! आमच्या बिननारळाच्या हुमणान भरून."

मॅडम ओट्यावर बसल्याच. "मावशी, सगळं पहिल्यापासून करावं लागेल. आणि यावेळी वाटी रिकामी परत करायची."

"रिकामी? बाय, रगत जाय तितलां घे. रिकामी वाटी आमच्यान जावची ना."

"मग अख्ख्या वाड्याने नारळ सोडायचा. शेजारच्या वाड्याने खायचा. कबूल?"

मावशी उठून आत गेली. येऊन मॅडमच्या हातात हुमणाचा डबा दिला. मॅडम बसमध्ये तो मांडीवर धरून बसल्या.

पुढच्या शुक्रवारी मॅडमनी डबा परत दिला. जड होता. आत माशांची आमटी. स्वतः रांधलेली, नारळाचा कणही नसलेली.

"हा महिनाभर मीही हेच खाणार, मावशी."

मावशीने बोट बुडवून चाटलं. झाकण लावलं. मग गडग्याकडे जाऊन शेजारणीला हाक मारली:

"गो, अख्खो वाडो तयार म्हणान सांग! आणि ह्या चेडवाक कोणी तरी रांदूक शिकवा!"