बर्फ बोलायला किती वेळ लागतो?

गोठून दगड झालेला आईस-पॅक बंद पेटीत किती वेळात वितळू लागतो? या एका साध्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी निघाले होते. मी विज्ञानाची पदवीधर. भुताखेतांच्या गोष्टी मी माझ्या मुलांनाही कधी सांगितल्या नाहीत. तरीही...

मेहकर भागातल्या एचआयव्ही तपासणी केंद्रांना किट पोहोचवणं हे माझं काम. आमच्याकडच्या किट दोन ते आठ अंशांतच ठेवाव्या लागतात. उष्णतेनं त्या बिघडतात, पण गोठणं त्याहून वाईट — गोठलेली किट वरून धडधाकट दिसते आणि उत्तर चुकीचं देऊ शकते. म्हणून फ्रीजरमधला पॅक थेट पेटीत ठेवायचा नसतो. तो टेबलावर घामेजू द्यायचा, कानाशी हलवायचा, आत पाणी वाजलं की मगच भरायचा.

हे मला आमच्या जुन्या टेक्निशियन शोभाताईंनी शिकवलं. त्या पॅकवर बोटातल्या अंगठीनं दोनदा टकटक करायच्या आणि पॅकलाच दटावायच्या, "बोलतं का नाही बे?" आम्ही हसायचो. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं.

मे महिन्यातली दुपार होती. जानेफळच्या केंद्रातून सिस्टरचा फोन आला.

"ताई, बाई टेबलवर हाये. नऊ महिन्यांत एकबी तपासणी नाही तिची. अन् आमच्या किट संपल्या!"

आई बाधित असेल, तर जन्मल्यावर लवकरात लवकर बाळाला औषध सुरू करावं लागतं. म्हणजे किट बाळाच्या आधी पोहोचायला हवी होती.

मी पॅक काढून टेबलावर मांडले. आमचे चालक रशीदभाई दारातूनच ओरडले, "मॅडम, बर्फाची वाट पाहून राह्यल्या काय? ते पोट्टं थांबते काय तुमच्यासाठी?"

मी एकेक पॅक दाबून, हलवून पाहिला — दगड. थांबणं शक्य नव्हतं, आणि त्या उन्हात पॅकशिवाय निघणंही. ते तसेच फडक्यात गुंडाळले, झाकण आवळलं आणि पेटी मांडीवर घेऊन बसले. मनात एकच हिशोब — फडकं पातळ आहे, किट त्याला टेकून आहेत...

गाव मागे पडलं आणि पेटीतून आवाज आला. टक-टक.

बर्फ तडकतो, तेव्हा वाजतो. हे मला ठाऊक आहे. पण तडकण्याला लय नसते. पुन्हा टक-टक. थोडं थांबून, पुन्हा तसंच दोनदा.

रशीदभाईंनी आरशात पाहिलं. "मॅडम, पेटी काऊन वाजवून राह्यल्या?"

"मी नाही वाजवत."

त्यांनी गाडी एका निंबाखाली उभी केली. "उघडा. मले असं नाही चालवता येत."

मी झाकण काढलं. आवाज थांबला. पॅक उचलून कानाशी हलवला — आत पाणी. दुसऱ्यात पाणी. सगळ्यांत पाणी. थर्मामीटर चार अंशांवर होता. गोठण्याची खूण दाखवणारं कार्ड स्वच्छ. मी झाकण पुन्हा आवळलं आणि रशीदभाईंना गाडी काढायला सांगितलं.

जानेफळला किट उघडली. ती शाबूत असल्याची रेघ ठळक उमटली. बाधा असल्याची दुसरी रेघ आली की नाही, हे मी सांगणार नाही. ते त्या आईचं आहे. बाळाचा पहिला आवाज ऐकू आला तेव्हा काय करायचं ते आम्हांला ठाऊक होतं, एवढं मात्र सांगते.

नंतर तशाच एका दुपारी तेच पॅक, तेच फडकं, तीच पेटी घेऊन आम्ही मुद्दाम त्याच निंबापर्यंत गेलो. पॅक दगडच होते. पेटी मुकी. रशीदभाई म्हणाले, "एवढ्यात तं बंद डब्यात कुल्फीबी नाही वितळत, मॅडम."

माझ्या हाताचा अंदाज चुकला असेल? वीज गेली असेल? फ्रीजरमध्ये मागे राहिलेले पॅक मी परत आल्यावर तपासले होते; सगळे कडक होते. मला स्पष्टीकरण मिळालेलं नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. घरी पाण्याची बाटली पूर्ण गोठवा, फडक्यात गुंडाळा, थर्माकोलच्या पेटीत बंद करा आणि गावाबाहेरच्या पहिल्या झाडापर्यंत घेऊन जा. तिथं ती कानाशी धरून हलवा. पाणी वाजलं, तर कृपया मला कळवा.