टाकीवरचा पिवळा तारा

ग्रहताऱ्यांचा नकाशा दाखवणारं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घेतलं आणि माझ्या आकाशातले ढग कायमचे गेले. गावाचं नाव टाकायचं, वेळ टाकायची, की साडेसातला शनी नेमका कुठे असेल ते समोर हजर. शेजारच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी त्यात नाहीच. एक बटण दाबलं तर पायाखालची जमीनसुद्धा नाहीशी होते. आपल्याला आकाश आवडतं की ते असं बोटावर नाचवायला आवडतं, कोण जाणे.

महिनाभर माझं नुसतं नियोजन चाललंय. आधी शनी, मग कृत्तिका. वहीत वेळा, दिशा, कोन, सगळं टिपून झालंय. दुर्बीण मात्र कोपऱ्यात उभी आहे आणि बायकोनं तिच्यावर छत्री अडकवली आहे.

काल संध्याकाळी मी असाच शनी शोधत असताना वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी म्हातारी, तोही लगेच बंद पडला. गावभर गुडुप अंधार. नेमकं आत्ताच जायचं होतं का हिला, म्हणून मी चरफडत बसलो. बायको वाळलेले कपडे काढायला गच्चीत गेली होती. तिथून तिची हाक आली, "अहो, वर या ना! केवढ्या चांदण्या दिसतायत! आणि टाकीच्या वर तो पिवळा, अजिबात न लुकलुकणारा, तो कोण हो?"

मी खुर्चीतूनच ओरडलो, "थांब जरा! लाइट आली की बघून सांगतो."