बाळंतपण माहेरी, मोजणी सासरी

लोकसंख्येचा अभ्यास म्हणजे पाळणे आणि तिरड्या मोजायच्या, असं म्हणून सांगलीतले माझे सहकारी प्राध्यापक मला चिडवत. लढाईच्या त्या वर्षांत मी तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातली गावं पालथी घालत होतो. कुठल्या भागात माणूस वाढतं आणि कुठून ते पोटामागं उठून जातं, एवढंच मला शोधायचं होतं.

आकडे मात्र नीट बसेनात. काही गावांत जन्म फार, पण पोरं कमी. कोडं अवघड नव्हतं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. पाटलाच्या दप्तरात जन्म माहेरच्या गावी लागतो, नि अंगात जरा ताकद आली की बाळंतीण पोर घेऊन सासरी जाते. मी नियम केला: असा जन्म बापाच्या गावी धरायचा. पुण्यातल्या जाणत्यांनी माना डोलावल्या.

त्या नियमात माझी मुलगीही आली. बायको बाळंतपणाला माहेरी, शिराळ्याला गेली आणि तिथंच गेली. मुलगी जगली, आजीजवळ राहिली. तक्ता करताना मी तो जन्म शिराळ्यातून काढून सांगलीत घातला. हात थांबला नाही. काही वाटलं नाही, आणि वाटत नाही याचंही काही वाटलं नाही.

पुढं कामासाठी शिराळ्याला गेलो, तेव्हा मुलगी चालू लागली होती. जेवताना सासऱ्यांनी विचारलं, "पाव्हणं, काम काय चाललंय म्हणायचं?"

मी नियम समजावला. सोपं जावं म्हणून त्यांच्या नातीचंच उदाहरण दिलं. सासूबाई चुलीपुढं बसून ऐकत होत्या. तव्यावरची भाकरी तशीच टाकून त्या आत गेल्या. भाकरी करपली.

बाहेर आल्या त्या पोरीला घेऊनच. पोरीचे केस विंचरलेले, डोळ्यांत काजळ; सासूबाईंच्या काखेत तिच्या कपड्यांचं गाठोडं.

"न्या," त्या म्हणाल्या. "तुमचीच हाय. सरकारचा नेम आसंल, तर आमी कोण आडिवणार?"

"मामी, मी नुसता आकडा हलवतो. माणूस असतं तिथंच राहतं."

"मग कशापायी हलीवता?"

याचं उत्तर मी भाषणांतून दिलं होतं. तिथं मी नुसती करपलेली भाकरी तव्यावरून उतरवली.

"पोर हितंच ऱ्हाऊ दे म्हणता व्हय?"

"राहू दे."

त्या खाली बसल्या आणि गाठोडं सोडू लागल्या. गाठ एवढी आवळली होती की सुटेना. शेवटी सासऱ्यांनी ती दातांनी सोडवली.

दुसऱ्या दिवशी एकटाच मोटारीनं परतलो. सुटल्यासारखं वाटलं, दुखायला लागलं ते फार पुढं. मी शिराळ्याला गेलो की मुलगी दारातूनच आजीला ओरडून सांगायची, "आगं, पाव्हणं आलं." ती तिथंच लहानाची मोठी झाली. माझ्या तक्त्यात मात्र ती सांगलीत वाढली.