सूट लागेपर्यंत

"इथवर!" असं म्हणून काका आपल्याच गुडघ्यावर हात टेकवायचे. समोरचा कपडे न्यायला आलेला असो की नुसता पत्ता विचारायला, आखातातल्या नईम भागातल्या त्यांच्या लाँड्रीत मागच्या पावसात पाणी कुठवर चढलं होतं, हे ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसायची. तुमच्या गल्लीतही असं कुणी असेलच. आपण त्यांना टाळतो. मीही टाळायचे.

पण मी पडले विमा एजन्सीत नोकरीला, आणि राहायला नेमकी लाँड्रीच्या वर. जिन्यात गाठायचे मला. त्या पावसानंतर पुराच्या विम्याचा हप्ता असा वाढला की काकांना झेपेना. मग कंपनीनं नवी टूम काढली. गल्लीनं मिळून गटारांच्या जाळ्या साफ ठेवायच्या, पाऊस आला की पाणी अडवायला प्रत्येक दुकानाच्या दारात फळी बसवायची. तपासणीत हे दिसलं, तर सगळ्यांना हप्त्यात सूट. एक दार चुकलं, तर कुणालाच नाही.

झालं! म्हातारा हात धुऊन गल्लीच्या मागे लागला. आभाळ जरा काळवंडलं की काठीनं शटरं बडवत फिरायचा, "यल्ला, यल्ला, फळ्या लावा!"

समोरचा पाकिस्तानी न्हावी हसायचा, "चाचा, एक ही तो बादल है."

"एक बहुत है रे!"

फक्त स्वतःचा हप्ता तेवढा भरेनात. मी चिडून म्हटलं, "अहो, मुदत संपतेय. आधी भरा, सूट पुढच्या वर्षी घ्या!"

"एवढी तपासणी होऊ दे गो बाय. सूट लागली की लगेच भरतो, इंशाल्ला."

मुदत संपली आणि त्याच आठवड्यात भर दुपारी पाऊस कोसळला. न्हावी सुट्टीवर गावी गेलेला, किल्ली काकांकडे. आधी त्याच्या दाराकडे धावले. फळी फुगलेली, खाचेत बसेना. ती ठोकून परत येईपर्यंत लाँड्रीत पाणी शिरलं होतं. तरी त्यांनी आपल्या दारालाही फळी लावलीच. संध्याकाळी तपासणीला माणूस आला तेव्हा गल्लीत एकही दार चुकलेलं नव्हतं. आत मशिनं मात्र जळाली होती, लोकांचे कपडे चिखलात तरंगत होते.

दुसऱ्या दिवशी काका ओल्या चपलांनी माझ्या टेबलापाशी उभे. "बाय, साहेबांना विचार ना. आत्ता भरतो. मागची तारीख नाही का टाकता येत?"

विचारलं मी, दोनदा विचारलं. साहेब म्हणाले, "मुदत संपल्यावर झालेलं नुकसान विम्यात बसत नाही."

"पण गल्लीत तर मीच फिरलो गो," काका म्हणाले. एकदाच म्हणाले. अस्सा संताप आला मला त्या ऑफिसचा! पण करणार काय, कप्पाळ? त्यांना पाणी आणून दिलं. ते तसंच राहिलं.

मशिनं भंगारात गेली आणि काका कायमचे देवरुखला.

सूट? लागली की! अख्ख्या गल्लीला लागली. त्यांच्या गाळ्यात आता मोबाइलचं दुकान आहे, त्यालाही मिळते. परवा तो मालक कोपऱ्यातली फळी दाखवून मला विचारत होता, "मॅडम, ये लकडी किस काम की? फेंक दूँ?"

मी गुडघ्यावर हात टेकवला. "इथवर," म्हटलं, मराठीतच.