मावशींच्या पायांची सूज

स्टुलं मीच काढायला लावली होती. सातपूरच्या आमच्या कारखान्यात सहा बायका टेबलाशी बसून रबरी सील तपासायच्या आणि मी त्यांचा सुपरवायझर. ग्राहकाचे लोक ऑडिटला येणार होते. मला वाटलं, बसलेली माणसं आळशी दिसतात. ऑडिट उरकलं, तरी स्टुलं स्टोअरमध्येच राहिली. मागायची कुणाची हिंमत झाली नाही.

त्यांच्यातल्या एक मावशी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. संध्याकाळपर्यंत त्यांचे पाय इतके सुजायचे की चपलेचे पट्टे रुतायचे. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, शिरांमधल्या झडपा ढिल्या पडल्यात, रक्त वर चढत नाही, खालीच साचतं. सकाळी उठायच्या आधी घट्ट मोजे घालायचे, फार वेळ उभं राहायचं नाही, जमेल तेव्हा पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडायचं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत त्या पुठ्ठा अंथरून आडव्या व्हायच्या आणि पाय मालाच्या क्रेटवर ठेवायच्या. यातलं मला काही ठाऊक नव्हतं. मी विचारलंही नाही. एका दुपारी क्रेटवर पाय दिसले आणि मी सगळ्यांसमोर रागावलो.

"मावशी, ज्याच्यावर पोट भरतं त्याला पाय लावता?"

"रिकामा हाय तो, साहेब."

"रिकामा असला तरी लक्ष्मीच आहे!"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मावशींनी पाय काढले आणि क्रेटला हात लावून नमस्कार केला. त्या नमस्कारानं मला बरं वाटलं होतं, हे लिहिताना लाज वाटते.

दोनेक महिन्यांनी त्या रजेचा अर्ज घेऊन आल्या. घोट्याजवळची कातडी काळवंडून तिथे जखम झाली होती. त्यांनी नडगीवर बोट दाबलं. पडलेला खळगा तसाच राहिला.

"बघा, लय वेळ भरत नाय. त्या दिवसापासून पाय वर घेतलेच नाय मी. आता डॉक्टर पट्टी बांधून घरी पडा म्हणतात. साहेब, माझी जागा राहील ना?"

"राहील," एवढंच मी म्हणालो.

त्याच दुपारी स्टुलं मी स्वतः उचलून आणली.

"साहेब, आता कुणाचं ऑडिट?" एकीनं विचारलं. बाकीच्या हसल्या. हसणारच.

स्टुलं उचलणं सोपं होतं. मावशी कामावर परत आल्या, त्यालाही आठवडा उलटला, तरी माझं तोंड उघडेना. शेवटी एका जेवणाच्या सुट्टीत, जसा सगळ्यांसमोर रागावलो होतो तसाच सगळ्यांसमोर, त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

"मावशी, तुमचं दुखणं न विचारता मी तुम्हाला बोललो. ती जखम माझ्यामुळे झाली. मला माफ करा."